अठराव्या भागानंतर

पान दोनशे बारावरची पेन्सिलची खूण खोडून त्याने रबराचा चुरा फुंकरीने उडवला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

खूण प्रत्येक पानाच्या तळाशी होती, उजव्या कोपऱ्यात, बारीकशी. बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात कामाची रीतच तशी होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची. वाचणारी व्यक्ती काचेपलीकडच्या लहानशा बंद खोलीत बसायची. काचेअलीकडे हा, कानांवर हेडफोन आणि पुढ्यात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत. वाचणाऱ्याने शब्द चुकवला, ओळ गाळली, की याने काचेवर पेन्सिलीने टकटक करायची आणि ते वाक्य पुन्हा वाचून घ्यायचं. पान बिनचूक झालं की तळाशी खूण. सगळं पुस्तक झालं की खुणा खोडून प्रत कपाटात परत. तीस वर्षं तो हेच करत आला होता. लोक त्याला टकटककाका म्हणत, आणि तेही तोंडावर.

या पुस्तकाच्या खुणा मात्र राहून गेल्या होत्या. आठ महिने प्रत त्याच्या टेबलाच्या खणात पडून होती. ती त्याच्या बायकोने वाचलेली शेवटची कादंबरी. आता कुठे त्याने हात लावला होता, तोही रोज दोन-चार पानांपुरता. काम उरकावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

"टकटक, तूच ना रे?" फोनवर तक्रारआजी होत्या. वय वर्षं त्र्याऐंशी, डोळे लहानपणीच गेलेले, कान मात्र मांजराचे. आठवड्यातून एकदा त्यांची तक्रार आली नाही तर ग्रंथालयातली माणसं काळजी करत.

"बोला आजी. कुठला भाग अडकला?"

"अडकला नाही, आलाच नाही. तेविसावा. बाविसावा ऐकून दहा दिवस झाले. म्हातारीच्या तोंडाला पानं पुसता होय रे?"

"कुठल्या पुस्तकाचा?"

"ते घड्याळजीच्या बायकोचं. ती स्वतःच सगळं सांगते ना, ते."

त्याने हाताखालच्या पुस्तकाकडे पाहिलं. "आजी, त्याचे अठराच भाग आहेत. अठराव्याला संपतं ते."

"मग चार भाग काय मी स्वप्नात ऐकले?"

"दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचे असतील. यंत्रात गल्लत होते कधीकधी."

"गल्लत म्हणे. थांब, ऐकवतेच तुला."

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली, एक कळ दाबल्याचा आवाज आला आणि मग त्याच्या बायकोचा आवाज म्हणाला, "भाग बाविसावा."

त्याने रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग पुन्हा कानाला लावला. आवाज तोच होता. प्रत्येक वाक्याच्या आधी अर्धा श्वास थांबायचं, संवाद आला की आवाज जरा खाली न्यायचा, आणि पान उलटताना कागद मुद्दाम हळू सरकवायचा. हे सगळं त्यानेच तर तिला शिकवलं होतं, काचेवर टकटक करून करून.

"ऐकलंस?" आजींनी यंत्र बंद केलं. "आता सांग, कधी येणार तेविसावा?"

"बघतो," तो म्हणाला.

संगणक उघडायला त्याला दोन वेळा प्रयत्न करावा लागला, कारण बोटं भलत्याच कळांवर पडत होती. पुस्तकाच्या नावाच्या कप्प्यात बावीस भाग होते. अठरा गेल्या वर्षीचे, त्याच्याच समोर झालेले. उरलेले चार या वर्षीचे. चारही रविवारचे, दुपारी तीन ते चारच्या दरम्यानचे. रविवारी ग्रंथालय बंद असतं. कप्प्यात ठेवलेले भाग सभासदांच्या यंत्रांत दर सोमवारी आपोआप जातात, आणि एकदा पुस्तक पूर्ण झालं की त्या कप्प्यात पुन्हा कोणी डोकावत नाही. त्याने तारखा मोजल्या. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि एकोणिसावा भाग दोन महिन्यांपूर्वीचा होता.

यंत्रातल्या तारखा चुकतात, हे त्याला माहीत होतं. वीज गेली की घड्याळ मागेपुढे होतं. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्याने तो विचार धरून ठेवला. मग कप विसळला, टेबल पुसलं, खिडकी लावून घेतली. करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा हेडफोन चढवला.

अठराव्या भागाचा शेवट त्याला पाठ होता. घड्याळजीची बायको रुग्णालयात आहे. ती नवऱ्याला म्हणते, घरी जा, माझा धुतलेला गाऊन घेऊन ये. तो जातो, आणि ती त्याची पावलं लांब जाताना ऐकत राहते. पुस्तक तिथेच संपतं. ते वाचून झाल्यावर बायको काचेच्या खोलीतून बाहेर आली होती ती चिडूनच. "हे काय! असं वाऱ्यावर सोडतात होय माणसाला?" असं म्हणून तिने त्याच्याच रुमालाला नाक पुसलं होतं. त्यानंतर सहा आठवड्यांनी तिला ताप आला. तीन दिवस ताप होता आणि चौथ्या दिवशी ती नव्हती.

एकोणिसावा भाग असा सुरू होत होता: "तो परत आला तेव्हा मी तिथे नव्हते. पण तो आला ते मी पाहिलं. त्याच्या हातात माझा गाऊन होता. सगळ्या वाटेत त्याने त्याची घडी मोडू दिली नव्हती."

त्याने यंत्र थांबवलं. समोरच्या काचेत त्याला स्वतःचंच हेडफोन घातलेलं डोकं दिसत होतं. त्याच्यामागे खोली अंधारी होती. उठून त्याने आतला दिवा लावला. खुर्ची, माइक, पाण्याचा रिकामा ग्लास, भिंतींवरचे आवाज अडवणारे करडे मऊ थर. आत जाऊन त्याने खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. ती गार होती. गरम लागली असती तर आपण काय केलं असतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

विसावा भाग त्याने दुसऱ्या दिवशी ऐकला.

त्यात घड्याळजी एकटा घरी राहत होता. पलंगावर झोपत नव्हता, बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपत होता. बायकोच्या चपला दाराशी तशाच होत्या. केर काढताना तो त्या उचलायचा आणि झाल्यावर पुन्हा तशाच ठेवायचा, टाचा भिंतीकडे करून. "मुलीचा फोन येतो," बायकोचा आवाज सांगत होता, "तो उचलत नाही. वाजून वाजून थांबतो. मग हा भिंतीला हात लावून उभा राहतो, जणू भिंतच पडणार होती."

आरामखुर्ची, चपला, भिंत. हे त्याने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

त्याची मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहत होती आणि एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. आई गेल्यानंतर महिनाभर ती घरी राहिली, मग कामावर रुजू झाली. त्या पहिल्या संध्याकाळी तिने फोन केला आणि म्हणाली, "जेवलात का?" नेमकं आई विचारायची तेच, तिच्याच आवाजात. लहानपणापासून फोनवर दोघींची गल्लत व्हायची, नातेवाईक हसायचे. त्या संध्याकाळी याने तिचं पुढचं न ऐकता फोन ठेवला. त्यानंतर मुलीचा एकही फोन त्याने घेतला नव्हता. "ठीक आहे. काळजी नको," असा निरोप लिहून पाठवायचा. ती दोनदा घरी आली तेव्हा हूं-हां करून तो न्हाणीघरात गेला आणि ती निघेपर्यंत नळ सोडून आत उभा राहिला. आपण वाईट वागतोय हे त्याला कळत होतं. पोटच्या पोरीचा आवाज सहन होत नाही, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

आता मात्र तोच आवाज त्याला हवासा झाला. इथे तो आवाज 'जेवलात का' म्हणत नव्हता. इथे बायको बायकोसारखीच बोलत होती. एकविसाव्या भागात ती घड्याळजीला झापत होती: "तीन दिवस तोच शर्ट! दुकानात इतकी घड्याळं, वेळ कळते, वार नाही कळत वाटतं?" तो एकटाच मोठ्याने हसला. मग मान खाली घालून स्वतःच्या कॉलरकडे पाहिलं, आणि घरी जाऊन शर्ट बदलला.

बाविसाव्यात ती म्हणाली, "खिडकी उघड रे बाबा, घराला तुझाच वास यायला लागलाय." त्याने खिडकी उघडली. दाढी रोज होऊ लागली. आरामखुर्ची सोडून तो पलंगावर आडवा झाला, आपल्या बाजूला, तिची बाजू मोकळी ठेवून. ग्रंथालयाच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "काका, काय विशेष? दहा वर्षांनी तरुण दिसताय." तो लाजला. खोटं कशाला, तो सुखात होता. वेड लागल्याची शंका त्याला आली नाही असं नाही, पण आठ महिन्यांच्या शहाणपणापेक्षा हे वेड बरं होतं.

फक्त पुढचा भाग येत नव्हता.

त्या शनिवारी निघताना त्याने काचेच्या खोलीतला ग्लास पाण्याने काठोकाठ भरून ठेवला. वाचताना तिचा घसा कोरडा पडायचा. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने पाहिलं, तर ग्लास अर्धा होता. कप्प्यात नवा भाग नव्हता.

पुढच्या शनिवारी त्याने ग्लास पुन्हा भरला. सोमवारी पुन्हा अर्धा. भाग नाहीच. रविवारी येऊन बघावं, हा विचार त्याच्या मनात येत होता आणि दर वेळी तो झटकून टाकत होता. आपण इथे येऊन बसलो आणि ती आली नाही तर? किंवा आपण बघतोय म्हणून यायचीच बंद झाली तर? न बघता मिळतंय ते बघायला जाऊन घालवू नये, असं त्याने ठरवलं. शहाणी माणसंही अशा वेळी असंच ठरवतात.

तिसऱ्या आठवड्यात आजींचा पुन्हा फोन आला.

"काय रे, तेविसावा भाग काय मी वर गेल्यावर पाठवणार आहात?"

"येईल आजी. ती..." तो अडखळला. "वाचते आहे ती. वेळ लागतोय."

"लागू दे वेळ, पण अर्धवट नको सोडू म्हणावं. मला रडवणारी पुस्तकं चालतात रे, आवडतात. घरात माणूस गेलं, घर मोडलं, पुन्हा उभं राहिलं, असलं काही असेल तर मी दोन दोनदा ऐकते. पण रडवून तोंडावर दार लावून घेणारी नको. त्या अठराव्या भागानंतर मी दोन दिवस जेवले नव्हते. आणि मग एक दिवस एकोणिसावा आला. म्हटलं, देव आहे."

त्याला फार बरं वाटलं. इतके दिवस हे कोणाशी तरी बोलावं असं त्याला वाटत होतं, आणि बोलायला कोणी नव्हतं. "आजी, आवाज कसा वाटतो तुम्हाला? या पुढच्या भागांमधला?"

"कोणाचा, पहिलीचा का दुसरीचा?"

"म्हणजे?"

"अरे, अठरापर्यंत एक बाई वाचते. एकोणिसापासून दुसरी. तू तिथे बसून काय माशा मारतोस?"

"एकच आहे ती, आजी."

"छट. दुसरी पोरसवदा आहे. पंचविशी-तिशीची. आवाज मुद्दाम खाली ओढते, पहिलीसारखा व्हावा म्हणून. छान जमवलंय, पण वाक्याच्या शेवटी दमते. आणि एक आहे." आजी जरा थांबल्या. "वाक्यात नवऱ्याचं काही आलं, की आधी आवंढा गिळते. पहिली नाही गिळायची. पहिली त्याच्यावर खुशाल डाफरायची. ही त्याला घाबरते, किंवा हिला त्याचं फार वाईट वाटतं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. चूक पकडणं तुझं पोटापाण्याचं काम ना रे?"

"हो," तो म्हणाला.

फोन ठेवून तो बसून राहिला. बायकोकडची ग्रंथालयाची जुनी किल्ली कोणाकडे आहे, हे त्याने आठ महिन्यांत विचारलं नव्हतं. कॉलेजात असताना सुट्टीत मुलगी इथे येऊन लहान मुलांच्या गोष्टी वाचायची, यंत्र कसं चालवायचं तेही त्यानेच तिला दाखवलं होतं. चपला कशा ठेवल्यात ते दारात उभं राहून दिसतं. आरामखुर्चीवरची चादर दिसते. फोन न उचलणारा बाप भिंतीला हात लावून उभा राहतो, हे तिला दिसलं नव्हतं. ते तिने ओळखलं होतं.

पहिल्यांदा त्याला राग आला. मग शरमेने कानशिलं तापली. आणि मग जे वाटलं ते या दोन्हींहून वाईट होतं. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली तेव्हा भोवती माणसं होती, धीर द्यायला कोणी ना कोणी होतं. आज ती पुन्हा गेली आणि त्याचा कोणाला पत्ताही नव्हता.

संध्याकाळी त्याने बाविसावा भाग पुन्हा लावला. आता चुका ऐकू येतील, आवंढे मोजू, असं ठरवून तो पेन्सिल घेऊन बसला. भाग संपला. कागद कोरा होता. सगळं कळूनसवरून त्याला ऐकू आली ती बायकोच.

रविवारी अडीच वाजता त्याने ग्रंथालयाच्या मागच्या दाराला किल्ली लावली, तेव्हा दार आधीच उघडं होतं.

काचेच्या खोलीत दिवा होता. मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. केस वर बांधलेले, मान पुढे झुकलेली, पाठीचं हाड ब्लाउजमधून जाणवण्याइतकी वाळलेली. तिच्या पुढ्यात प्रयोगशाळेतली चौकटीची वही होती. माइक बंद होता. ती नुसतीच वहीकडे बघत होती. त्याने आपल्या खुर्चीत बसून हेडफोन घातला आणि बोलायची कळ दाबली.

"किती वेळ झाला येऊन?"

ती दचकली नाही. खुर्ची सावकाश वळवून तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि माइक सुरू केला. "तासभर. ग्लास तुम्हीच भरून ठेवता ना?"

"हो."

"मला वाटलंच." तिचा स्वतःचा आवाज आईपेक्षा भरभर चालायचा, टोकदार होता. त्याच्या लक्षात आलं की हेडफोनची तार तो बोटाला गुंडाळतोय. "कोणी सांगितलं?"

"तक्रारआजींनी."

ती हसली. "त्यांनीच सुरू केलं. आई गेल्यावर एकदा त्यांचा फोन आला होता, घरी, मी होते तेव्हा. म्हणाल्या, पुढे काय झालं त्या नवऱ्याचं ते वाचणाऱ्या बाईंना विचार. त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, विचारते." तिने वही उगाच सरळ केली. "आधी त्यांच्यासाठी लिहीत होते. खरंच. मग वाटलं, तुम्ही माझा फोन घेत नाही, मी आले की नळ सोडता. तिच्या आवाजात सांगितलं तर ऐकाल. कधीतरी कानावर पडेल."

"पडलं."

"मग?"

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. शर्ट बदलतो हे सांगायचं होतं, खिडकी उघडली हेही. "चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "शर्टाचं तर अगदी तिचंच."

"मग घरी येऊ मी?"

त्याने टेबलावरची पेन्सिल उचलून सरळ ठेवली. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनेच विषय बदलला, लहानपणी त्याचा मूड बघून बदलायची तसा.

"तेविसावा शेवटचा आहे. तीन रविवार येतेय, पण शेवटच्या दोन पानांशी अडकते. वाचवत नाही."

"काय आहे त्यात?"

"ती निरोप घेते. म्हणते, आता मला जाऊ दे, तू बरा होतोयस. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. तो उठतो, दार उघडतो. दारात मुलगी असते. ती म्हणते, 'बाबा, मी.' तो तिला आत घेतो. संपलं."

"आणि ती?"

"कोण?"

"आई."

"ती नाही मग, बाबा. ती गेली."

"इतक्यात?"

घरी आलेलं माणूस उठायला लागलं की म्हणतात तसं तो म्हणाला होता.

"आठ महिने झाले, बाबा."

"मला तीनच आठवडे मिळाली." त्याने कळेवरचं बोट काढून घेतलं. मग पुन्हा दाबलं. "एवढ्यात नको संपवूस. आहे तेवढं वाच आज. मी ऐकतो बसून."

तिने ग्लास उचलून दोन घोट घेतले. "माझ्या आवाजात वाचू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. काचेपलीकडे त्याची मुलगी होती, डोळ्यांखाली काळं आलेली, एकटी राहणारी, एकटीच जेवणारी. तिला काय ऐकायचंय हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलाही होता.

"तिच्या," तो म्हणाला.

ती हलली नाही. मग तिने मान डोलावली, पाठ ताठ केली, हनुवटी जराशी खाली घेतली आणि अर्धा श्वास थांबली.

"भाग तेविसावा."

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू सगळा ताण उतरला. ती वाचत होती आणि वाचता वाचता त्याच्याकडे बघत होती. घड्याळजी दुकान उघडतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, पावसात भिजलेलं एका लहान मुलीचं घड्याळ फुकट दुरुस्त करून देतो. बायको त्याला नावं ठेवत ठेवत सगळं सांगत जाते. तो डोळे मिटूनच हसला. एकदा त्याचे ओठ हलले. तो काहीतरी उत्तर देत होता, पण ते तिला उद्देशून नव्हतं. पान सरकवताना ती कागद हळू सरकवत होती. दमत होती, पण आवाज वर येऊ देत नव्हती.

बेल वाजण्याच्या पानापाशी ती आली. तिथे ती थांबली, इतका वेळ की त्याची भुवई किंचित आकसली आणि मान पुढे झाली. डोळे मात्र त्याने उघडले नाहीत.

तिने ती दोन पानं एकदम धरली आणि उलटून टाकली. त्यांच्यापुढे वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या कोऱ्या चौकटींकडे बघत तिने आवंढा गिळला, आणि आईच्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, तेव्हा मी तिथेच होते."